पोट लेन्सचं की पायरीचं?

सेलूहून जिंतूरच्या अंगाला आत गेलं की एका गावाच्या शिवारात जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. मागच्या उन्हाळ्यात गावातल्या पोरांनी तिच्यातला गाळ उपसला, बाभळी तोडल्या. डागडुजीला किती दगड लागतील याचा अंदाज यावा म्हणून फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत गणित शिकवते आणि रविवारी बारवा बघत फिरते, हे आता आसपासच्या गावांत माहीत झालंय.

माझ्या डीएसएलआरवर १२ मिलिमीटरची एक लेन्स आहे, छत्रपती संभाजीनगरहून सेकंडहँड आणलेली. फोकस हाताने, प्रकाश आत घेणाऱ्या भोकाची म्हणजे अ‍ॅपर्चरची रिंग हाताने, कॅमेऱ्याला जोडणारी एकही पिन नाही. त्यामुळे फोटोच्या फाइलमध्ये लेन्सचं नाव येतच नाही. पण बारवेत हीच लागते, कारण खाली उतरलं की मागं सरकायला जागा उरत नाही.

अशी रुंद लेन्स कडेकडे जाताना चित्र थोडं थोडं लहान करत जाते. चौकोनाचा कोपरा बाजूच्या मध्यापेक्षा केंद्रापासून लांब असतो, म्हणून तो जास्त आत ओढला जातो आणि बाजू पिंपासारखी फुगलेली दिसते. ह्यालाच बॅरल डिस्टॉर्शन म्हणतात. फ्रेमच्या बरोबर मधून जाणारी रेघ सरळ राहते, वरची वर फुगते, खालची खाली. आणि बारव म्हणजे नुसत्या आडव्या रेघा. एकाखाली एक पायऱ्या, काळ्या दगडाचे थर, वरचा काठ. लेन्सचा दोष असा दुसरीकडे कुठंच उघडा पडत नाही.

तेव्हा मी फोटो सुधारायला रॉथेरपी नावाचं सॉफ्टवेअर वापरत होते. त्यात डिस्टॉर्शनची एक पट्टी आहे, ती सरकवली की चित्र ताणलं किंवा दाबलं जातं. समोरच्या भिंतीतली खालून चौथी पायरी फोटोत चांगलीच खाली फुगली होती. पट्टी सरकवत सरकवत मी ती पायरी पट्टीने आखल्यासारखी सरळ केली. वरचा काठ मग मधोमध किंचित खाली गेलेला दिसायला लागला. जुनं बांधकाम, काठ खचला असेल, असं मनाशी धरून मी पुढं गेले. पट्टी त्याच आकड्यावर ठेवून सगळे फोटो तयार केले आणि मोठे प्रिंट गावात नेले.

दुरुस्ती करणारे मिस्तरीमामा सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी प्रिंट हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाले, ‘मॅडम, ह्या पायरीला पोट सुटलंय. फोटोत सरळ कामून दिसायलीय?’

मी त्यांना लेन्सचं सांगायला लागले. ते ऐकत होते, पण पिशवीतून दोरी काढून पायऱ्या उतरायलाही लागले होते. पायरीच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे विटांचे तुकडे ठेवले, त्यांच्यावरून दोरी ताणली आणि मला म्हणाले, ‘बोटं घाला.’ टोकाजवळ दोरी आणि दगड यांच्यामधे माझी सहा बोटं बसली. मधोमध जेमतेम दोन. पायरी चार बोटं पुढं आली होती. वर बघितलं तर काठावर उंबर, आणि त्याची मुळं थेट त्या थराच्या मागं उतरलेली.

पुढं आलेला दगड कॅमेऱ्याच्या जवळ येतो, आणि वरून खाली बघताना जवळचं फ्रेममध्ये खाली दिसतं. म्हणजे फ्रेमच्या खालच्या अर्ध्या भागात खरं पोट आणि लेन्सचं पोट एकाच दिशेला जातात. मी दोन्ही एकदम पुसून टाकली होती. ज्या जागेची दुरुस्ती सगळ्यांत आधी व्हायला हवी, तीच जागा माझ्या फोटोत सगळ्यांत धडधाकट दिसत होती. आणि वरचा काठ खचलेला नव्हताच, जास्तीचा ताण देऊन मीच तो वाकवला होता. तो मला काहीतरी सांगत होता आणि मी ऐकलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लेन्सचा दोष लेन्सचाच असतो. तो मोजायचा तर जे खात्रीने सरळ आहे त्याच्यावर मोजायला हवा. ज्याच्याबद्दल आपल्याला जाणून घ्यायचंय त्याच्यावर नाही.

नेहमीच्या लेन्सांसाठी हे मोजमाप कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. लेन्सफन नावाचा एक खुला संग्रह आहे. त्यात लोकांनी आपापल्या लेन्स मोजून आकडे भरलेत, आणि डार्कटेबल, रॉथेरपी, डिजिकॅम ही फोटोची सॉफ्टवेअरं ते त्यातूनच घेतात. माझी लेन्स त्यात सापडली नाही, म्हणून स्वतः मोजायचं ठरवलं. मिस्तरीमामांना विचारलं, सेलूत खरोखर सरळ काय आहे? शाळेची नवी इमारत त्यांनी लगेच बाद केली. ‘स्लॅबची कड सरळ नसती. लोखंड बघा.’ म्हणून मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, शेडचा लांब लोखंडी गर्डर निवडला. सकाळी साडेसहाला, लिलावाची गर्दी व्हायच्या आत, दहा-बारा मीटरवर ट्रायपॉड लावला आणि गर्डर फ्रेमच्या वरच्या कडेला जवळजवळ चिकटेल असा फोटो घेतला. रेघ कडेजवळच हवी, मधल्या रेघेत दोष दिसत नाही.

ह्यूगिन हे पॅनोरामा जोडायचं सॉफ्टवेअर, त्याच्यासोबत लेन्स मोजायचं एक साधन येतं. ते फोटोतल्या सरळ असायला हव्यात अशा रेघा शोधतं आणि त्या सरळ होण्यासाठी लागणारे ए, बी, सी असे तीन आकडे देतं. केंद्रापासूनच्या अंतराची चौथ्या घातापर्यंतची बहुपदी. दहावीला मी वर्गसमीकरणं शिकवते, त्यामुळे ते सूत्र बघून फार आनंद झाला. पहिल्या घाताचा सहगुणक एकातून तिन्ही आकडे वजा करून येतो, म्हणजे ठरलेल्या एका अंतरावर चित्राचं माप जसंच्या तसं राहतं. बी उणे निघाला, पिंपासारख्या फुगवट्यात निघतो तसाच. ते आकडे लेन्सफनच्या एक्सएमएल फाइलमध्ये टाकले आणि डार्कटेबलच्या यादीत माझी लेन्स नावानिशी आली.

कोपऱ्यांतला काळोख मोजायला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण लेन्सवर धरून चार अ‍ॅपर्चरला फोटो घेतले. एफ/८ ला, म्हणजे भोक बरंच लहान केल्यावर, तो बराच कमी होतो. उजळ आभाळापुढे काळ्या दगडाच्या कडेला येणारी जांभळी-हिरवी किनार, म्हणजे लाल आणि निळ्या रंगाचं चित्र हिरव्यापेक्षा केसभर लहानमोठं पडणं, तेही बसवून घेतलं.

खाली बघून काढलेल्या फोटोत उभ्या कडा तळाकडे एकमेकींच्या जवळ येतात. तो लेन्सचा दोष नाही, कॅमेरा कलता धरल्याचा परिणाम आहे. त्यासाठी पर्स्पेक्टिव्हचं वेगळं मॉड्यूल असतं, आणि ते लेन्स दुरुस्तीच्या नंतरच लावायचं. डागडुजीच्या फोटोंना मी ते आता लावतच नाही. तिथंही सॉफ्टवेअर चित्रातल्याच रेघा बघून ठरवतं, आणि एखादी भिंत खरंच कललेली असली तर?

मग वालूरला गेले. तिथल्या बारवेत पायऱ्या चक्राकार फिरत खाली उतरतात. आधीच्या पद्धतीने तिथं माझ्या हाताला काहीच लागलं नसतं, सरळ करून बघावी अशी लांब पायरीच नाही. मोंढ्यातल्या गर्डरचे आकडे लावले आणि हात काढून घेतला. त्या फोटोतली वळणं आहेत तशी आहेत असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फाइल, ठेवल्या होत्या म्हणून सगळे फोटो पुन्हा करता आले. नवा प्रिंट मामांना नेऊन दिला. त्यांनी चौथ्या पायरीवर अंगठा ठेवला आणि तो तसाच मधून दोन्ही टोकांकडे फिरवला. काही बोलले नाहीत, प्रिंट घडी न घालता पिशवीत उभा ठेवला.

उंबर तोडायचा नाही असं गावानं ठरवलंय, त्याच्याखाली देवाचा दगड आहे. म्हणून ज्या दगडावर ट्रायपॉड होता त्याच्यावर मी चुन्याने खूण करून आले. येत्या एप्रिलात पाणी खाली गेलं की तिथूनच, त्याच लेन्सने, त्याच आकड्यांनी फोटो घेईन. चाराची पाच बोटं झाली असतील तर ते मला मामांच्या दोरीच्या आधी दिसलं पाहिजे.