बारा दहाची लाईट

या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे शेतीपंपांच्या विजेच्या लाईनला, रात्रीची लाईट आहे. बारा वाजून दहा मिनिटांनी येते, कागदावर आठ तास, त्यातला तासभर फेज जाण्या-येण्यात संपतो. तात्या साडेअकरालाच उठून बसतात. मी म्हणलं अहो स्टार्टरला सिमकार्ड बसवलंय, घरातनं फोन लावला की मोटर चालू होते, तर म्हणाले, "मोटर होईल रे चालू, दारं कोण धरणार, तुझा फोन?"

बरोबर आहे त्यांचं. गेलो मग मीच. उसाच्या सरीत गुडघाभर चिखलात उभं राहून एक दार मोडायचं, दुसरं बांधायचं (दार म्हणजे सरीच्या तोंडाचा मातीचा बांध), पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत बांधावर बसायचं. तेवढ्या वेळात डोक्यात नको नको ते हिशोब चालू होतात, त्यातलाच एक इथं लिहितोय.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात. माणदेश, म्हणजे कायमचा दुष्काळी पट्टा. तात्यांची २६ वर्षं तामिळनाडूत गलाईच्या दुकानात गेली, सोनं गाळण्यात. इकडची कितीतरी घरं अशीच, शेत आहे पण पाणी नाही म्हणून देशभर पांगलेली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीत भरवायला सुरुवात केली तेव्हा कृष्णेचं पाणी इथं येईल असं म्हणणाऱ्याला लोक हसायचे. आलं की. कराडच्या खाली टेंभूला कृष्णा अडवली आणि तिथनं टप्प्याटप्प्यानं, मोठाल्या पंपांनी उचलत उचलत पाणी आमच्याकडं आणलं. तलाव भरले, तलावाखालच्या विहिरी भरल्या, आणि तात्या दुकान पुतण्याकडं देऊन परत आले.

आता हिशोब. हजार लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला नुसत्या गणितानं पाव युनिटच्या थोडं वर वीज लागते, प्रत्यक्षात पंप, पाईप, गळती धरली की अर्ध्या युनिटच्या पुढं. पाटानं पाणी दिलं तर उसाला एकरी वर्षाला ८० लाख लिटर तरी जातंच, कोटीवर नेणारे महाभाग पण आहेत (आमच्या भावकीतच आहेत, नाव घेत नाही). म्हणजे १०० मीटरच्या एका चढाला एकरी चार हजार युनिट. यात माझ्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर धरलेलीच नाही.

आणि हे पाणी मुळात येतं कुठनं? उन्हाळ्यात कृष्णेत जे पाणी असतं त्यातलं बरंचसं कोयनेतनं सोडलेलं. कोयना धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातलं ६७.५ टीएमसी वर्षाला वीज करायला पश्चिमेकडं वळवायची मुभा राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं दिलेली. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातनं साडेचारशे मीटरच्या वर खाली कोसळतं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीतनं चिपळूणवरनं समुद्राला. तिकडं सोडलेलं हजार लिटर पाणी एका युनिटच्या वर वीज देतं. तेच हजार लिटर पूर्वेला सोडलं तर धरणाच्या पायथ्याला थोडीफार वीज होते आणि पुढं टेंभूला उलट वीज खातं. म्हणून पाऊस कमी झाला की दरवेळी तीच ओढाताण, पाणी विजेला का सिंचनाला. मी सरीत उभा राहून जे पाणी वळवत होतो ते म्हणजे वीजच होती, एकदा न केलेली आणि एकदा खर्चलेली.

या विजेचं सगळं बिल आम्ही भरतो का? नाही हो. बिलं थकून उपसा योजनांचे पंप बंद पडायचे, ऐन एप्रिलमध्ये कॅनॉल कोरडा. मग २०१८ च्या सुमारास ठरलं की बिलाचे ८१ टक्के सरकार भरणार, १९ टक्के आम्ही. हे १९ टक्के वसूल कसे करायचे, तर उसाच्या बिलातनं कारखान्यानं टनामागं कापून घ्यायचे. आता बघा गंमत. डाळिंबवाल्याकडनं, ज्वारीवाल्याकडनं पाणीपट्टी मागायला दारोदार फिरावं लागतं, ऊसवाल्याची आपोआप कापली जाते. म्हणजे ज्या पिकाला सगळ्यात जास्त पाणी लागतं त्याचीच वसुली सगळ्यात सोपी. वर ऊस कमी करा म्हणून भाषणं.

मी पण ऊसच लावलाय, सव्वा एकर. डाळिंब होतं आधी. तेल्या रोगानं अर्धी बाग गेली, राहिलेली मर रोगानं. उसाला असलं काही नाही, लावा आणि पाणी पाजा, दर ठरलेला, ऊसतोडीची टोळी कधी येईल एवढीच चिंता. वर कारखाना बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वीज करतो आणि ग्रीडला विकतो, मळीचं इथेनॉल पेट्रोलमध्ये. त्यातली थोडी वीज फिरून परत टेंभूच्या पंपाला येत असेल काय, असा विचार मी रात्री दोन वाजता केला, झोप नसली की असं होतं.

गेल्या उन्हाळ्यात आमचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला. सगळ्यांच्याच मोटरींना ऑटो स्विच, लाईट आली की तीस मोटरी एकदम उचलतात, कपॅसिटर कुणीच बसवत नाही. अकरा दिवस अंधार. वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो की साहेब फिल्डवर, फिल्डवर गेलो की साहेब मीटिंगला. शेवटी वर्गणी काढली आणि आमचाच ट्रॅक्टर नेऊन डीपी आणला. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ आहे, पण फुकट वीज जळालेल्या डीपीतनं येत नाही.

चुलतभावानं सरकारी योजनेतनं सोलर पंप घेतलाय, किमतीच्या दहा टक्के भरून. रात्रीचं जागरण गेलं, वहिनी खूश. फक्त आता पंप ऊन आहे तोवर चालूच असतो, शेजारची विहीर दुपारी तळाला जाते. मी विचारलं तर म्हणाला उन्हाचं काय बिल येतंय का.

मी वीस गुंठ्याला ठिबक टाकलंय यावर्षी. तिसरा हिस्सा पाणी तरी नक्की वाचतंय. तात्यांना पटत नाही, पाणी वाहताना दिसल्याशिवाय दिलंय असं त्यांना वाटतच नाही, सव्वीस वर्षं त्याच पाण्यासाठी परमुलखात काढलेला माणूस, त्याला काय सांगायचं. वाचलेलं पाणी परवा त्यांनी बांधाकडंच्या मोकळ्या तुकड्यात सोडलं, मका टोकायचा म्हणून.

आज पण बारा दहाचीच आहे. तात्या बॅटरी चार्जिंगला लावून बसलेत.