रत्नागिरीची टिळक आळी : लाल भिंत म्हणजे जुनं घर नव्हे

सलग कौलारू घरांची रांग बघायला मिळेल या आशेने टिळक आळीत जाऊ नका. अशी रांग आता उरलेली नाही. जुन्या घरांच्या मध्येमध्ये अपार्टमेंट उभी आहेत. दोन-तीन तास पुरे, मुक्काम ठोकण्याची गरज नाही.

पहिली फसगत रिक्षातच होते. स्टेशन कुवारबावला, गावापासून लांब. 'जुने वाडे बघायचेत' असं म्हणालात की थिबा पॅलेससमोर उतरवतात आणि थांबल्याचे पैसे वेगळे लावतात. तो राजवाडा इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या कैदी राजासाठी बांधला, १९१० साली पुरा झाला. कोकणी घराशी त्याचं नातं जांभ्यापुरतं, म्हणजे इथल्या लाल सच्छिद्र दगडापुरतं. 'टिळकांचं जन्मघर' एवढंच सांगा, एका बाजूचं भाडं बसण्याआधी ठरवा आणि पोचल्यावर रिक्षा सोडून द्या.

टिळकांचा जन्म १८५६ चा. त्यांच्या जन्मघरापासून सुरुवात करा, कारण बाकी घरांत माणसं राहतात. अंगण, पडवी, ओटी, माजघर हा क्रम इथे नीट कळतो. आत जावं तसा उजेड कमी होतो आणि गारवा वाढतो. भिंतीची जाडी खिडकीच्या कोनाड्यात हात घालून बघा.

दुसरी फसगत लाल भिंतीची, आणि हिला भलेभले बळी पडतात. उघडा, तुकतुकीत जांभा दिसला की लोक फोटो काढत सुटतात. बहुतेकदा तो नवा बंगला असतो. यंत्राने कापलेल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्याच्या, कडा सरळ असतात आणि सांध्यांतला भराव सिमेंटचा, दोरीत भरलेला. हाताने तासलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरके घाव दिसतात, सांधे कमीजास्त असतात. जुन्या भिंती पुष्कळदा मातीत रचून वर गिलावा नि चुना दिलेल्या, म्हणजे खरं जुनं घर पांढरं किंवा निळसरही असू शकतं. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर जोत्यापासून कमरेइतक्या उंचीवर पोपडे सुटलेले दिसतील. जांभा पाणी पितो, सिमेंट ते बाहेर पडू देत नाही.

छपराचंही तेच. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ ला निघाला. त्याआधीच्या घरावर मंगलोरी कौलं असतील तर छप्पर मागाहून बदललेलं. वाशांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे बघा. वाळवी आणि गळतीच्या खुणा पुष्कळदा तिथे दिसतात.

जून ते सप्टेंबर जाऊच नका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, भिंती झापांनी किंवा प्लॅस्टिकने झाकलेल्या, काही म्हणता काही दिसत नाही. दिवाळीनंतर उत्तम. मात्र गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या, बोळात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ तेव्हाही असतं. गुळगुळीत तळव्याची चप्पल घातलीत तर कंबरडं मोडेल. पाऊल बघून टाका.

राहत्या घरात डोकावायचं असेल तर बेड्याबाहेरून, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेरून, हाक मारा, 'कोणी आहे का घरात?' चपला पडवीखाली काढा, ओटीच्या पुढे पाऊल नको, माजघराचा फोटो तर नकोच. आणि घाईत असाल तर हाकच मारू नका. ओटीवर बसवून घेतलं की तासभर गेलाच.