प्लेगचा जिवाणू आणि लोहाची नाकेबंदी

2009 साली शिकागोत प्लेगच्या जिवाणूवर काम करणारे 60 वर्षांचे एक संशोधक प्लेगनेच दगावले. त्यांच्या हाताखालचा वाण दुबळा केलेला होता. त्यातून पीजीएम हा सुमारे 102 किलोबेसचा डीएनएचा तुकडा गेलेला होता, आणि त्याबरोबर यर्सिनियाबॅक्टिन हा लोह ओढून आणणारा रेणू (सिडेरोफोर) बनवण्याची क्षमताही. मृत्यूनंतर कळलं की त्यांना हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोह साचत जाण्याचा आनुवंशिक विकार. जिवाणूची उणीव बहुधा त्या साठ्यानेच भरून निघाली.

रक्तात लोह भरपूर असतं, पण मोकळं जवळजवळ नसतंच. ते वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाचा एक रेणू लोहाचे दोन अणू धरतो आणि निरोगी माणसात त्याच्या साधारण एक तृतीयांश जागाच भरलेल्या असतात. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक सोडतं, त्यामुळे लोह पेशींमध्येच अडकून राहतं. म्हणून तापात सीरम आयर्न (रक्तद्रवातलं लोह) खाली आणि फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) वर दिसतं; तेवढ्या रिपोर्टवरून लोहाची कमतरता आहे किंवा नाही हे ठरवू नये.

यर्सिनियाबॅक्टिन ही नाकेबंदी फोडतं. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या एंटेरोबॅक्टिन या सिडेरोफोरला आपलं लिपोकॅलिन-2 हे प्रथिन पकडून ठेवतं. यर्सिनियाबॅक्टिन त्याच्या हाती लागत नाही.

मिळेल तेवढं लोह ओढणंही जिवाणूला परवडत नाही. पांढऱ्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा करतात, आणि पेशीतलं मोकळं फेरस लोह त्याच्याशी भिडलं की हायड्रॉक्सिल मूलक हे अतिक्रियाशील कण तयार होऊन डीएनए तुटतो. म्हणून लोह पुरेसं झालं की फर हे प्रथिन ते आत घेणारी जनुकं बंद करतं. ई. कोलायमध्ये पेरॉक्साइडची चाहूल लागताच ऑक्सिआर हे नियंत्रक प्रथिन पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेझ वाढवतं, फर वाढवतं आणि लोह साठवणारं डीपीएसही. डीपीएसच्या पोकळीत लोहाचे सुमारे 500 अणू मावतात. लोह आणि ताण (पेरॉक्साइडसारखा मारा) हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात, ते मला पटत नाही.

प्रयोगशाळेत फसगत होते ती इथेच. एलबी या जिवाणू वाढवण्याच्या नेहमीच्या माध्यमात लोह मुबलक असतं, त्यामुळे सिडेरोफोर नसलेला वाणही त्यात धडधाकट वाढतो. फरक पाहायचा तर डायपिरिडिल घालून लोह बांधावं लागतं, आणि काचेची भांडी आधी आम्लाने धुवावी लागतात. काचेला चिकटलेलं लोहही निकाल बिघडवतं. सीएएस या रंगचाचणीच्या प्लेटवर सिडेरोफोर असेल तर निळ्यात नारिंगी वलय उमटतं. मात्र तिच्यातलं एचडीटीएमए हे डिटर्जंट अनेक ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना मारतं. तिथे वलय नाही याचा अर्थ सिडेरोफोर नाही असा घेऊ नका. आधी वसाहत वाढली का ते बघा.