दह्याच्या फ्रिजसमोर वीस मिनिटं

आज दुकानात दह्याच्या फ्रिजसमोर तब्बल वीस मिनिटं उभी होते. लेकीला आवडतो तो स्ट्रॉबेरीचा डबा उचलला, पुढे ठळक 'लो फॅट'. सहज मागचं लेबल वाचलं आणि हात थांबला. १०० ग्रॅममध्ये १३ ग्रॅम साखर! साध्या दह्यातही लॅक्टोज, म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर, असतेच, साधारण ४-५ ग्रॅम. ती वजा केली तरी ८ ग्रॅम वरून घातलेली, म्हणजे दोन चमचे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि तिथे साखर फळाच्या आधी. इतके दिवस मी हे तिला पौष्टिक म्हणून देत होते, याचं फार वाईट वाटलं.

मग बिनसाखरेचं शोधत बसले. ग्रीक योगर्ट पाहिलं. पाणी गाळून घट्ट केलेलं असल्याने त्यात प्रथिनं जास्त. पण एका 'ग्रीक स्टाइल' डब्यात घट्टपणासाठी चक्क स्टार्च होता. तो परत ठेवला. जिवंत जिवाणूंचा उल्लेखही तपासला, कारण विरजल्यानंतर तापवलेल्या दह्यात ते उरत नाहीत.

शेवटी घेतला त्या डब्यावर दोनच घटक: दूध आणि विरजण. घरी आल्यावर त्यात पिकलेलं केळं कुस्करून दिलं. लेकीने वाटी चाटूनपुसून संपवली.