ओला फोटो

वेंगुर्ल्याच्या बाजारात पूर्वी एक फोटो स्टुडिओ होता. मागे धबधबा रंगवलेला पडदा, पुढे लाकडी स्टूल. आई-बाबांचा लग्नानंतरचा पहिला फोटो तिथलाच. फोटोवाल्याने "हलू नका" म्हणून सांगितलं, आणि आई आजही कॅमेरा दिसला की तशीच ताठ होते. मोबाईलमध्ये चुकून हसताना सापडली तर लगेच, "काढून टाक गो तो."

मला बर्लिनला येऊन सहा वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात आई पहिल्यांदा इकडे आली. वार्शाउअर रस्त्यावरून चालताना तिला टपरीएवढं एक खोकं दिसलं. अर्धा पडदा, पडद्याखाली दिसणारे दोघांचे पाय, बाहेर पोरापोरींची रांग. तिला वाटलं, फोन करायची जागा. हे इथलं फोटोआउटोमाट. आपल्याकडे हल्ली लग्नाच्या हॉलमध्ये सेल्फीसाठी जे उभारतात ते वेगळं. ह्या जुन्या यंत्राच्या पोटात खरोखरीची डार्करूम असते.

आत गोल स्टूल, फिरवलं की वरखाली होणारं. नाणी टाकायची, समोरच्या काचेत बघायचं. मग थोड्या थोड्या वेळाने चार वेळा लख्ख उजेड पडतो. पुन्हा काढायची सोय नाही, खोडायची नाही. यंत्रात निगेटिव्ह नसतंच, चित्र थेट कागदावर उमटतं. आतला एक हात तो कागद धरून एकामागून एक रसायनांच्या टाक्यांत बुचकळत जातो, शेवटी धुतो. आपल्याला बाहेरून फक्त घरघर ऐकू येते. चार-पाच मिनिटांनी फटीतून पट्टी खाली पडते, ओलीच.

ही कल्पना शंभर वर्षांची झाली. सायबेरियातल्या ओम्स्कचा अनातोल जोसेफो अमेरिकेत गेला आणि १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याने आपलं 'फोटोमॅटन' सुरू केलं. २५ सेंटमध्ये आठ फोटो, आठेक मिनिटांत. ज्यांना स्टुडिओचा खर्च झेपत नव्हता अशी माणसंही तिथे रांगा लावून उभी राहिली. दोनच वर्षांत त्याने ह्या यंत्राचे अमेरिकेतले हक्क दहा लाख डॉलरला विकले. पण मला त्या पैशांपेक्षा पडदा मोठा वाटतो. समोर फोटोवालाच नाही म्हटल्यावर माणूस कसाही बसू शकतो. आता इथे पासपोर्टसाठी कागदी फोटो चालत नाहीत, १ मे २०२५ पासून सगळं डिजिटल झालं. तरीही ह्या खोक्यांपुढची रांग हटलेली नाही. तिथे कुणीही सरकारी कामाला आलेलं नसतं.

आम्ही एकाच स्टुलावर अर्धं अर्धं बसलो. पहिल्या उजेडाला आई दचकली. दुसऱ्याला पदर सारखा करत होती. तिसऱ्याला मी घसरले, तिने मला धरलं आणि दोघी खो-खो हसलो. चौथ्यात ती पुन्हा स्टुडिओतली, ताठ.

पट्टी हातात घेऊन तिने आधी वास घेतला. "ह्यो वास आमच्या स्टुडिओतलो गो." मग फुंकर घालत उभी राहिली. कडेला पाण्याचा थेंब होता तो तिने मला पुसू दिला नाही.

रात्री व्हिडिओ कॉलवर तिने पट्टी बाबांपुढे धरली. उजेड पडून काही नीट दिसेना. मी म्हटलं, फोटोचा फोटो काढून पाठवते. बाबा म्हणाले, "नको. घेवन येऊ दे तिका."

सहा वर्षांत मी त्यांना किती फोटो पाठवले असतील! बर्फ, ऑफिस, ताटातली भाजी. सगळे एका क्षणात पोचले आणि दुसऱ्या दिवशीच्या फोटोंखाली गेले. ही पट्टी मात्र आईच्या पर्समधून, पासपोर्टच्या पानांत, विमानाने आणि मग रात्रीच्या गाडीने वेंगुर्ल्याला गेली. मुंबईचा चाकरमानी हातातल्या पिशवीतून खाऊ आणतो तशी. कुणीतरी आणल्याशिवाय जी पोचूच शकत नाही अशी माझी तिथे गेलेली ती पहिली वस्तू असेल.

चतुर्थीला मी घरी गेले. पाऊस उतरला नव्हता. आपल्याकडच्या दमट हवेत फोटो काचेला चिकटतात, बुरशी धरते, आमचा अर्धा अल्बम असाच गेला. म्हणून पट्टी भिंतीवर नव्हती. आरती झाल्यावर बाबांनी कपाटातून स्टीलचा डबा काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत त्यांचा तो ताठ फोटो आणि शेजारी कोऱ्या कागदात गुंडाळलेली पट्टी. मागे बॉलपेनने तारीख आणि 'बर्लिन'.

त्यांनी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. "ही अशी हसताना माझ्याकडे एकय फोटो नव्हतो."

आई आतून म्हणाली, "बाय परत जाताना घेवन जाईत तो. तिचोच असा."

"एकच असा मां?" बाबांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

"मगे हयच ऱ्हवांदे," म्हणाले, आणि झाकण लावलं.