डावी टाच

काय काम करतेस म्हणून कुणी विचारलं आणि मी सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: 'पण ते कॉम्प्युटरच करतो ना?' नाही करत. मोशन कॅप्चर म्हणजे खऱ्या नटाची हालचाल टिपून ती गेममधल्या पात्राला देणं. त्याच्या शूटमध्ये नट काळा घट्ट सूट घालतो, त्याच्या अंगावर 53 मार्कर चिकटवतात, बोराएवढे चमकदार गोळे. भोवतीचे कॅमेरे सेकंदाला 120 वेळा फक्त त्या गोळ्यांच्या जागा टिपतात. चेहरा नाही, कपडे नाहीत, आवाज नाही. ते ठिपके माझ्याकडे येतात. हात आडवा आला की छातीचा ठिपका गायब होतो, दोन घोटे जवळून गेले की सॉफ्टवेअर डाव्याला उजवा समजतं. हे निस्तरायचं म्हणजे क्लीनअप. आठवडेच्या आठवडे.

आमच्याकडे एक दादा येतात. कोल्हापूरकडचे, पन्नाशी ओलांडलेले, तरुणपणी सिनेमांत मारामाऱ्या केलेले. आमच्या गेममधला म्हातारा सरदार तेच, आणि त्याच्या हातून मरणारे निम्मे शिपाईही तेच. दिवसातून तीस वेळा मरतात आणि मध्ये चहा मागतात.

पावसाळ्यात एका शूटच्या फाइली नावं न टाकताच सर्व्हरवर आल्या. कुणी टाकल्या ते माहीत आहे, जाऊ दे. तीन नट होते, कुठली फाइल कुणाची याचा पत्ता नाही. पहिली उघडली. थांबलेल्या फ्रेममध्ये नुसते ताटात सांडलेले तीळ. प्ले दाबलं, आणि दुसरं पाऊल पडायच्या आत तोंडातून निघालं, 'हे तर दादा!'

यात माझी हुशारी नाही, डोळ्यांची खोड आहे. स्वीडनमधल्या उप्सालाच्या गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने 1973 मध्ये अंधारात चालणाऱ्या माणसांच्या सांध्यांवरचे दहा-बारा उजेडाचे ठिपके तेवढे लोकांना दाखवले होते. ठिपके स्थिर असताना कुणाला काही बोध होईना. हलले की लगेच माणूस. 1977 मध्ये अमेरिकेत कटिंग आणि कोझलोव्स्की या संशोधकांनी दाखवलं, की एवढ्यावरून लोक आपल्या ओळखीच्यांनाही ओळखतात. दरवेळी नाही, पण नुसत्या अंदाजाने जमेल त्यापेक्षा बरंच जास्त. मात्र तेच चित्र उलटं, डोकं खाली पाय वर करून दाखवलं, की माणूस दिसणं अवघड होऊन बसतं.

ही शेवटची गोष्ट मी रोज वापरते. स्क्रीनवरचा माणूस उलटा करून टाकते. सुलटा असला की डोळा आपणच चुका भरून काढतो, गुडघ्याचा ठिपका दोन बोटं सरकला तरी 'चालतोय की' म्हणून सोडून देतो. उलटा केला की उरतात फक्त ठिपके, आणि चुकार ठिपका झटकन सापडतो. ही युक्ती मी नव्या मुलांनाही शिकवलीय, मोठ्या रुबाबात.

त्या दिवशी फाइल कुणाची ते ओळखायचं होतं म्हणून चित्र सुलटं ठेवलं होतं. दादा चालत होते. डावी टाच टेकली की अंग तिच्यावरून घाईने निघून जात होतं, तापलेल्या फरशीवरून जावं तसं. फ्रेम मोजल्या. उजवं पाऊल जमिनीवर 80 फ्रेम, डावं 71. नऊ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा साधारण तेरावा हिस्सा.

मग आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी दादांच्याच चालीत मला डावीकडे हाच 'दोष' सापडला होता. उलट्या चित्रात. क्लायंटची सूचना होती, दोन्ही पाय सारखे पडले पाहिजेत. मी डावा पाय पुसला आणि उजव्याचाच आरसा करून एक पाऊल मागेपुढे सरकवून लावला. फाइल तीनदा परत आली. लीड, म्हणजे आमच्या टीमचा प्रमुख, म्हणाला, 'चूक काही दिसत नाही गं, पण मेलेला वाटतोय.' लीडला नेहमी काहीतरी वाटत असतं, काय ते मात्र कधी सांगता येत नाही. मी मनात त्याला शिव्या घातल्या होत्या. त्याचं बरोबर होतं.

संध्याकाळी दादांना फोन केला. 'दादा, डावा गुडघा दुखतोय का?'

पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग म्हणाले, 'तिथं तर नुसतं ठिपकं असत्यात म्हणं. दोन वर्षं झाली, ताई. घरात बी ठाऊक न्हाई. तुम्ही कुणाला बोलू नगासा.'

'बोलत नाही.'

'चालतंय की अजून,' ते म्हणाले आणि हसले.

मी कुणाला बोलले नाही. पण पुढच्या शूटच्या यादीत सरदाराने तटावरून खाली घ्यायच्या बारा उड्या होत्या. मी कोऑर्डिनेटरला म्हटलं, 'उड्या त्या नव्या मुलाकडून घ्या, डेटा स्वच्छ येईल.' डेटा स्वच्छ म्हटलं की आमच्याकडे कुणी पुढे विचारत नाही. उड्या मुलाने मारल्या. दादांचे दोन दिवस गेले, दोन दिवसांचे पैसे गेले. का, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

चालीची फाइल मी पुन्हा केली, या वेळी डावा पाय त्यांचाच ठेवून. नवांतल्या पाच फ्रेम राहू दिल्या. लगेच पास झाली. लीड म्हणाला, 'आता जिवंत वाटतोय, काय केलंस?' म्हटलं, फिल्टर बदलला.

गेल्या आठवड्यात दादा आले होते. मी वरच्या मजल्यावर असते, भेट झाली नाही. मार्कर लावणारी मुलगी जेवताना सांगत होती, की सूट चढवून झाल्यावर दादा तिला म्हणाले, 'डाव्या गुडघ्याचा गोळा नीट बसीव बाई. वर एक ताई बसत्यात, त्यास्नी समदं दिसतं.'