बदललेला आरएनए आणि निळी प्लेट

एलायझा या प्रथिन मोजणाऱ्या चाचणीच्या प्लेटमध्ये टीएमबी हे रंग दाखवणारं रसायन टाकलं आणि काही मिनिटांतच नको त्या वेल, म्हणजे प्लेटमधले खळगे, निळ्या व्हायला लागल्या.

प्रयोग तसा जुनाच होता. रक्तदात्याच्या मोनोसाइट पेशींपासून सहा दिवस जपून डेंड्रायटिक पेशी तयार केल्या होत्या. टी पेशींना शत्रू ओळखून दाखवतात त्या याच. काहींना साधा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश, दिला, काहींना तोच संदेश, फक्त त्यातल्या युरिडीन या घटकाच्या जागी त्याचं किंचित बदललेलं रूप, स्यूडोयुरिडीन. साध्याने पेशी खवळून टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं प्रथिन सोडतात (प्लेट निळी होते ती त्यानेच), बदललेल्याने शांत राहतात, हे कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं. २०२३ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

आमच्या मात्र बदललेल्या आरएनएच्या तिन्ही वेल निळ्या. विद्यार्थिनी रडवेली झाली. "मॅडम, माझ्याकडून ट्यूब बदलल्या गेल्या का?" आरएनए पेशीत पोहोचवणारं लिपिड नुसतंच दिलेल्या वेल स्वच्छ होत्या, म्हणजे गडबड आरएनएतच होती. दुसऱ्या दिवशी दुहेरी धाग्याचा आरएनए हुडकणारं जे-२ प्रतिपिंड वापरून डॉट ब्लॉट, म्हणजे ठिपक्याची चाचणी, केला. ठिपका काळाकुट्ट! टी-७ पॉलिमरेज हे एन्झाइम आरएनए बनवताना थोडा दुहेरी धाग्याचा आरएनएही बनवतं. पेशीच्या लेखी दुहेरी धागा म्हणजे विषाणू. मुलीची काहीच चूक नव्हती, हे तिला सांगताना मलाच हायसं वाटलं.

एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीने शुद्ध केलेला आरएनए घेऊन पुन्हा प्रयोग केला, तेव्हा त्या वेल पाण्यासारख्या राहिल्या.

जेवताना तिने विचारलं, "पण कॅन्सरच्या लसीत पेशी खवळलेल्याच हव्या ना? मग शुद्ध कशाला करायचं?" प्रश्न मला फार आवडला. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या ऑटोजीन सेव्हुमेरान या एमआरएनए लसीत मुद्दामच साधं युरिडीन ठेवलं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत १६ पैकी ८ रुग्णांमध्ये लसीने टी पेशी जागवल्या. पण दुहेरी धाग्याने नुसता गोंगाट होत नाही, पीकेआर हे पेशीतलं पहारेकरी प्रथिन जागं होऊन पेशीचं प्रथिनं बनवणंच मंदावतं. मग गाठीची ओळख टी पेशींना दाखवायची कशी? पेशी किती खवळावी हे आपल्या हातात हवं, उरलेल्या कचऱ्याच्या हातात नको, असं माझं ठाम मत आहे.

तिने डबा बाजूला सारला, वही उघडली आणि पुढच्या प्लेटच्या आराखड्यात एक नवी ओळ घातली: साधा, पण शुद्ध केलेला.